लुर्दीन

बंदी उठायला नऊ दिवस उरले होते.
शापोऱ्याच्या जेटीवर रुझारची होडी
ओंडक्यांवर चढवून ठेवलेली,
कुशीवर ताजा निळा रंग, नाकाडापाशी उघडं लाकूड.
तिथं नाव घालायचं होतं. त्याच्या आईचं.

मी पणजीहून आले होते. पिशवीत
सपाट टोकाचे सात ब्रश
आणि कागदावर तीन आठवडे गिरवलेला एक ल:
शिरोरेघ नसलेला, मध्येच कोरडा पडणारा,
केसांचे ओरखडे मागं ठेवून
कागदाबाहेर निघून जाणारा.
प्रदर्शनात लोक त्याच्यापुढं मान कलती करून उभे राहतात.
रुझारही राहिला. बराच वेळ.
मग म्हणाला, "बरें आसा बाय.
पूण हें कोणाचें नांव?"

बाबा रंगाच्या खोक्यावर बसले होते.
दोन वर्षं झाली, त्यांचा हात थरथरतो,
चहाची बशी ते आता दोन्ही हातांनी धरतात.
लाकूड घासताना खालून जुनी रोमी अक्षरं निघाली,
शेपट्यांची, पायात बूट घातल्यासारखी.
बाबांनी त्यावर अंगठा फिरवला.
"मेस्त कायतानचा हात.
इगर्जीत वेदीवरचं सोनेरी लिहायचा.
मला बोरू छिलायला त्यानं शिकवलं.
आधी काप, म्हणायचा, अक्षर मग."

खडू फासलेल्या दोरीचं एक टोक मला दिलं,
दुसरं फळीवर दाबलं, ओढली, सोडली.
निळ्यावर पांढरी धूळ.
मी म्हटलं, बाबा, रेघ वाकडी आली.

"होडी वाकडी आहे."

आणि मग सांगत गेले, मी रंगवत गेले.
नाकाकडे फळी आत वळते, तिथला ल रुंद घे,
पहिली पाकळी फुगव, धक्क्यावरून बघशील तेव्हा
ती आपसूक आवळेल.
उकार वर उचल.
मासळी भरली की होडी वीतभर खाली बसते,
उकार बुडतो,
आणि अख्खं बंदर बाईला लर्दीन म्हणायला लागतं.
वेलांटी आणि रफार
एकाच दारातून बाहेर पडतायत,
एकीला जरा थांबव.

जवळून सगळंच बेढब दिसत होतं:
सुजलेला ल, तिरका काना,
शिरोरेघ धनुष्यासारखी.
वीस पावलं मागं गेले.
अक्षरं सरळ उभी होती,
शाळेच्या फळ्यावर असतात तशी.

कार्यशाळेत मी पोरांना सांगते, वळण मोडा,
कित्ता सोडा, अक्षराला श्वास घेऊ दे.
टाळ्या पडतात.
या माणसानं चाळीस वर्षं प्रत्येक अक्षर मोडलं,
एकालाही कळू दिलं नाही.
रुझारला तर फक्त एवढंच ठाऊक,
की पहाटेच्या धुक्यात, चार होड्या पलीकडून
आईचं नाव वाचता येतं.

मी काही बोलले नाही. उन्हं कलली होती,
डब्यात पांढरा संपत आला होता, न राहिला होता.
त्याची गाठ मी भरली, आडवी रेघ भरली,
आणि काना खाली आणताना
ब्रश कोरडा होऊ दिला.
शेवटच्या चार बोटांत लाकूड दिसत राहिलं,
बारीक बारीक ओरखड्यांतून,
खाली कायतानच्या एका शेपटीचा काळा ठिपका.

रुझार हसला. "न वाऱ्यान व्हेलो गे बाय."
पुसून टाक मात्र म्हणाला नाही.

बाबा जवळ आले. चष्मा वर केला.
त्या कोऱ्या चार बोटांसमोर
त्यांचा हात एकदा वर गेला, हवेतच थरथरला,
परत आला.

"पुढच्या वर्षी भरून काढ,"
म्हणाले, आणि डबा बंद करायला खाली बसले.
झाकण दोनदा चुकलं.
तिसऱ्यांदा मी धरलं.